शांतीलालभाऊंचा खुलासा

आधीच सांगून ठेवते, शांतीलालभाऊंना नावं ठेवायला मी बसलेली नाही. नावं ठेवणारे म्हसावदला पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे तर माझ्याच दुकानाच्या ओट्यावर बसून, त्यांचाच पेपर फुकट वाचत नावं ठेवतात. पण मला त्यांची आरतीही ओवाळायची नाही. माणूस सज्जन आहे हे खरं, आणि त्या सज्जन माणसाने एका म्हातारीचा जीव टांगणीला लावला हेही खरं. त्यात माझाही हात आहे, कारण ती बातमी टाईप मी केली.

माझं नाव नूतन. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शांतीलाल पाटील आमच्या भागातले पेपरवाले. खेड्यात बातमी लिहिणारा आणि पेपर वाटणारा माणूस एकच असतो, हे शहरातल्यांना सांगून पटत नाही. पहिल्या बसने गठ्ठा येतो. भाऊ तो मोटरसायकलवर टाकून आठ वाजेपर्यंत घरोघर पोचवतात. मग घरी जाऊन चार एकराची केळी बघतात, आणि दुपारी दोन कागद हाताने लिहून माझ्याकडे येतात. मी टाईप करून पाठवून देते. म्हणजे काल ज्याच्याविरुद्ध लिहिलं, आज सकाळी त्याच्याच दारात उभं राहून त्याच्या हातात पेपर द्यायचा. एका सरपंचाने तर त्यांना चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत शिव्या दिल्या. भाऊंनी दोन्ही निमूटपणे घेतलं, वर उद्याचा पेपरही टाकला.

त्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत एक धुतलेला पांढरा पंचा असतो. अपघात असो, गळफास असो, विहिरीत सापडलेलं माणूस असो, भाऊ पोचले की आधी पंचा काढतात, मृताचं तोंड झाकतात, मगच वही उघडतात. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी एका कॉलेजातल्या मुलीच्या आत्महत्येची बातमी दिली होती. नाव, गाव, कॉलेज, वर्ग, सगळं लिहिलं. तिची आई पेपर घेऊन त्यांच्या अंगणात आली. भांडली नाही, रडली नाही. “हाई आठे लिखेल शे ते वाची दाखाड,” एवढंच म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. भाऊंना स्वतःची बातमी स्वतःच्या तोंडाने त्या आईला वाचून दाखवावी लागली. तेव्हापासून ते नावाच्या बाबतीत फार जपतात.

एवढं जपूनही जे व्हायचं ते झालं.

गेल्या वर्षी दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले असतील. मंगळवार होता. भाग्येश नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, शेतात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचं काम करायचा. तो भरदिवसा केळीच्या बागेत कोयत्याने तोडलेला सापडला. वाद कशावरून होता ते आजही दहा जण दहा तऱ्हेने सांगतात, म्हणून मी सांगत नाही. भाऊ पोचले तेव्हा पोलीस यायचे होते आणि बघे आले होते. एक मोबाईल चॅनलवाला वाकून वाकून जखमांचं शूटिंग करत होता. भाऊंनी पंचा टाकला, तर त्याने तो पायाने सरकवला. मग मात्र भाऊंनी त्याची कॉलर धरली. आयुष्यात एकदाच, असं ते म्हणतात.

व्हिडिओ तरीही संध्याकाळपर्यंत घराघरात गेला. माझ्या नवऱ्याच्या फोनवर आला, मी त्याला तो तिथल्या तिथे पुसायला लावला. पेपरच्या कचेरीतून फोन आला तेव्हा भाऊ माझ्यासमोरच बसले होते. साहेब म्हणाले, “शांतीलालजी, बॉडीचा फोटो नाही? सगळ्यांकडे आहे, आपल्याकडेच नाही?” भाऊ म्हणाले, “बागेचा शे, पोलिसांच्या गाडीचा शे. दुसरा नही.” साहेबांनी फोन आपटला. मला त्या दिवशी भाऊंचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

पण गावाला खून पुरत नाही, त्याला कथा लागते. दोन दिवसांत कथा तयार झाली. भाग्येशची बायको रुचिका, चार महिन्यांचं लेकरू मांडीवर, आणि हे लोक म्हणायला लागले की तिचंच कुणाशी तरी होतं, त्यातून झालं. त्या चॅनलवाल्याने तिचा लग्नातला फोटो टाकला, तोंडाभोवती लाल गोल काढून. खाली प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकलं की यांचं काही बिघडत नाही! रुचिकाच्या सासूने तिला चुलीपाशी येऊ देणं बंद केलं, असं माझ्या कानावर आलं. माझं डोकं असं तापलं होतं की त्या चॅनलवाल्याचं आधारकार्ड लॅमिनेशनला आलं ते मी तसंच परत दिलं.

शुक्रवारी सकाळी भाऊ पेपर टाकायला तापीमायच्या घरी गेले. तापीबाई रेवजी पाटील. रेवजीबाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नवनीत पुरुषोत्तमनगरला राहतो, नोकरी करतो. म्हातारी एकटी पपईची बाग सांभाळते. सही करते, मोठे मथळे अक्षर अक्षर लावून वाचते, बाकी पेपर तिला भाऊच दारात उभे राहून थोडक्यात सांगतात. त्या दिवशी तिने त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“मी देखं,” ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी ती विहिरीवर मोटर चालू करायला गेली होती. भूपेंद्र बागेतून बाहेर आला, विहिरीजवळच्या हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट काढून पाण्यात बुचकळला. पाणी लाल झालं. ती शेवग्यामागे होती, त्याला दिसली नाही. भूपेंद्र म्हणजे नवलशेठचा पुतण्या. नवलशेठ कोण हे आमच्याकडे विचारावं लागत नाही, तरी सांगते: शंभर एकर बागायत, दोन दुकानं, आणि कुठल्याही कचेरीत गेले की साहेब खुर्चीतून उठतो.

भाऊ तिला त्याच दिवशी पोलीस ठाण्यात घेऊन गेले. जबाब झाला. भूपेंद्रला ताब्यात घेतलं. तिथल्या साहेबांनी बजावलं, “आजी, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होईपर्यंत कुठे बोलायचं नाही.” ती बोलली नाही. भाऊही बोलले नाहीत. नवलशेठची माणसं मात्र गावभर बोलत फिरत होती: साक्षीदार-बिक्षीदार कोणी नाही, पोराला उगीच अडकवलंय, खरं काय ते त्या बाईला विचारा. बाई म्हणजे रुचिका.

शनिवारी भाऊ कागद घेऊन आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. “लिख, नूतन. त्या पोरीनी अब्रू जाई ऱ्हायनी आनि मी माहीत असून गप बसू?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. खरं माहीत असलेला माणूस गप्प बसला, तर पेपर हवाय कशाला? मी टाईप करायला घेतलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला पाठ झालंय: ‘घटनेच्या दिवशी सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळीसाठी आलेल्या एका व्यक्तीने संशयितास हौदावर रक्ताने माखलेले हात धुताना पाहिल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.’

नाव नाही. बाई की पुरुष, तेही नाही. वय नाही. भाऊंनी तीनदा वाचलं. ‘पाण्याच्या पाळीसाठी’ हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले होते, म्हणजे वाचणाऱ्याला पटेल की हा माणूस खरोखर तिथे होता, बातमी हवेतली नाही. माझी बोटं त्या शब्दांवर अडली. काहीतरी खटकलं. पण समोर पीकविम्याच्या फॉर्मवाल्यांची रांग होती, एक जण सारखं “ताई, सर्व्हर बंद व्हई जाई” म्हणत होता, आणि मनात आलेलं मनातच राहिलं. मी बातमी पाठवून दिली.

आता त्या विहिरीचं ऐका. तिच्यात सहा जणांचा हिस्सा आहे. सहा जणांचे सहा वार, आणि रविवार विहीर झिरपायला सोडलेला. हे वार वाडवडिलांनी ठरवले. सख्खे भाऊ एकमेकांना जमीन देतील, पण पाण्याचा वार बदलून देणार नाहीत. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नंदुरबारच्या कचेरीत बसलेल्या माणसाला ते वाक्य निनावी वाटलं असेल. आमच्याकडे ते वाचायचं म्हणजे तापीबाई रेवजी पाटील असंच वाचायचं. आणि हे शांतीलालभाऊंना, जन्म त्या शिवारात काढलेल्या माणसाला, सुचलं नाही! कारण नाव लिहिलं नाही म्हणजे आपण जपलं, अशी त्यांची समजूत होती.

रविवारी अकरा वाजता नवलशेठ माझ्या दुकानात आले. स्वतः. एरवी त्यांचा ड्रायव्हर येतो. पेपर घडी करून आणला होता, ती बातमी वर.

“बहीन, याना जरा मोठा झेरॉक्स काढी दे. दहा.”

मी काढले. दुसरं काय करणार? कागद एकेक बाहेर येत होता आणि ते एकेक हातात घेऊन शांतपणे जुळवत होते.

“मंगळवार कोना शे वं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “माले काय मालूम, शेठ. आमनं वावर तिकडे नही.”

ते हसले. फार चांगलं हसतात. “बरं,” म्हणाले आणि गेले. तेव्हा मला कळलं की शनिवारी काय खटकलं होतं. मी तशीच भाऊंना फोन लावला. मी ‘मंगळवार’ एवढाच शब्द उच्चारला, आणि पलीकडून भाऊच म्हणाले, “तापीमायना वार.”

मंगळवारी तापीमाय विहिरीवर गेली तर तिच्या मोटरची केबल तीन ठिकाणी कापलेली. स्टार्टरची पेटी उघडून आत माती भरलेली. बागेत गेली. फळांनी लगडलेली पपईची झाडं, दोन ओळी, कमरेइतक्या उंचीवर एकाच घावात तोडून ठेवलेली. सगळी एकाच बाजूला पडलेली, एकसारखी. बाकीच्या पाच हिस्सेदारांपैकी कुणीही काही पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी ज्याचा वार होता, तो तिच्याशी बोलतानासुद्धा रस्त्याकडे बघत होता.

नवनीत आला. “माय, मन्हासंगे चाल. आनि सांगी दे, माले दूरनं दिसत नही.” ती गेली नाही. भाऊ रोज सकाळी तिच्याकडे आता सगळ्यात शेवटी जायला लागले, म्हणजे थांबता येईल. हातात पेपर द्यायचे आणि ओट्यावर बसायचे. आठ दिवसांत माणूस निम्मा झाला. वहिनी मला म्हणाल्या, ताट तसंच परत येतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग नवलशेठ परत आले. भाऊ माझ्याकडे आहेत हे बघूनच आले असणार. स्टूल ओढून बसले, चहा मागवला.

“शांतीलाल, माणूस चुकस. पेपर बी चुकस. चार ओळीना खुलासा छाप. ‘त्या बातमीत प्रत्यक्षदर्शीचा उल्लेख अनवधानाने झाला, तशी कोणतीही व्यक्ती नाही.’ बस. जामीननी तारीख सोमवारी शे. वकील ते कागद दाखाडी देई. डोकरीले मंग कोन कसाले तरास देई?”

धमकी नाही, आवाज चढला नाही. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. ते गेल्यावर मीच म्हटलं, “भाऊ, छापून टाका.” हो, मी म्हटलं. खोटं आहे तर आहे. चार ओळींनी म्हातारी वाचत असेल तर घाला ते खरं चुलीत. भाऊंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. “लिख,” म्हणाले. मी दोन मिनिटांत लिहून छापलं. पण कचेरीत पाठवण्याआधी तिला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. “मागना टाईमले इचारं नव्हतं,” म्हणाले. मी दुकान बंद करून त्यांच्या मागे गाडीवर बसले. रस्ताभर एक पांढरी गाडी आमच्या मागे होती. पुढे गेली नाही, वळलीही नाही.

तापीमाय ओसरीत शेंगा फोडत होती. भाऊंनी उभ्यानेच वाचून दाखवलं. तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, “तशी कोनीच व्यक्ती नही, म्हंजे मी नही का?”

“माय, तुन्हा जीव वाचाले पाहिजे.”

“तुले वाटस का हाई छापं म्हंजे त्या माले सोडतीन? मी देखं ते त्यास्ले मालूम शे. तुन्हा पेपरनी सांगं.”

भाऊ खाली बसले. मातीत, तसेच. “मन्ही चूक व्हयनी, माय,” म्हणाले आणि एवढा मोठा माणूस हमसून रडायला लागला. मला वाटलं म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवेल. तिने नाही फिरवला. सुपातली फोलपाटं पाखडली, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली:

“पहिले मन्हं नाव नही लिखं, तरी माले उघडी पाडी. आते मन्हं नाव न लिखता माले खोटी पाडस का?”

भाऊंनी हातातला कागद चुरगळून खिशात कोंबला.

“लिखनं व्हई ते मन्हं नाव लिख. ज्यास्ले मालूम पडाले नको व्हतं त्यास्ले पडी गयं. आते बाकी लोकेस्ले बी पडू दे. उद्या मी विहिरीमा सापडनू, ते पाय घसरीसनी पडनी अशी कोनी म्हनाले नको.”

मी म्हटलं, “माय, विचार कर.” ती माझ्यावर खेकसली, “तू टाईप कर!”

ओसरीतच भाऊंनी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. पूर्ण नाव, वय एकसष्ट, काय पाहिलं ते, केबल, पपई. कुणी कापलं ते लिहिलं नाही, कारण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. शेवटी: ही माहिती त्यांनी स्वतःच्या नावानिशी प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. खाली तिने सही केली, एकेक अक्षर सुटं. त्या वेळी दाराबाहेर गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता, तो सही होईपर्यंत येत राहिला.

कचेरीतल्या साहेबांना भाऊंनी फोन करून सांगितलं. “नावासकट? स्वतः म्हणते?” साहेबांचा आवाजच बदलला. “म्हातारीचा फोटो काढा, पपईच्या झाडांमधे उभी करून. डोळ्यांत पाणी असलं तर उत्तम.” भाऊ म्हणाले, “फोटो नही. लिखेल शे तेवढंच घ्या. नाहीतर उद्यापासून गठ्ठा पाठवू नका.” पंचवीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. साहेब म्हणाले, बघतो.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच दुकान उघडलं. बस आली, भाऊंनी गठ्ठा उतरवला, आणि बघते तर तापीमाय चालत येतेय. डोक्यावर पदर, पायात चपला. एवढ्या सकाळी ती कधी स्टँडवर येत नाही. ओट्यावर चहा पीत बसलेली माणसं तिला बघून आपापल्या कपात बघायला लागली. नवलशेठचा ड्रायव्हर पलीकडे पानटपरीपाशी उभा होता.

“कोठे शे?” तिने विचारलं.

भाऊंनी पेपर उघडला. पाचवं पान, खालच्या बाजूला, खतांच्या जाहिरातीशेजारी एक कॉलम. मी तिच्या नावाखाली बोट ठेवलं. ती वाकली, चष्मा सावरला, ओठ हलवत अक्षर अक्षर लावलं. ता, पी, बा, ई. मग पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्या बोटाकडे आणि त्या अक्षरांकडे पाहून म्हणाली, “एवढंसंच शे?”

“हा, माय,” भाऊ म्हणाले.

तिने पेपरची घडी केली, काखेत धरली आणि आल्या रस्त्याने निघाली. टपरीवरचा ड्रायव्हर फोन कानाला लावून बोलायला लागला. भाऊंनी उरलेला सगळा गठ्ठा माझ्या काउंटरवर टाकला, मोटरसायकल तिथेच सोडली आणि तिच्या मागोमाग पायी चालू लागले.